गंजी कोणी पेटवली?

ती घटना आठवली की आजही माझा गोंधळ उडतो. निवृत्त होऊन आता मी नागपुरात जरीपटक्याला राहतो, सकाळी फिरायला जातो, येताना बाजारातून भाजी आणतो आणि घरी आल्यावर महाग आणली म्हणून बोलणी खातो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांचा छडा लागला आणि ते विसरूनही गेलो. पण एका शेतकऱ्याच्या हरभऱ्याची जळालेली गंजी काही केल्या डोक्यातून जात नाही. त्या प्रकरणात सगळी माणसं माझ्याशी खरं बोलत होती आणि तरी मला काही म्हणता काही कळत नव्हतं.

नागपूर ग्रामीणच्या हद्दीतल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या आमच्या अंगणातून दिसायच्या. माघ संपून फाल्गुन लागला होता आणि हरभरा सोंगून, म्हणजे कापून, शेतकऱ्यांनी जागोजागी गंज्या रचल्या होत्या. मळणी यंत्र गावात एकच, त्यामुळे ज्याचा नंबर लागेल त्याची मळणी. तोवर गंजी शेतातच उभी राहते, आणि तोवर शेतकऱ्याचा जीव तिच्यातच अडकलेला असतो.

एका संध्याकाळी अंधार पडता पडता फोन आला की अमुक गावात गंजी पेटली. आम्ही पोहोचलो तेव्हा विझवण्यासारखं काही उरलं नव्हतं. गंजी बसली होती. तिला लागून तुराट्यांच्या कुडाचा एक कोठा, म्हणजे सामान ठेवायची झोपडी होती, तीही गेली. त्यात फवारणी पंप, पाइपाची गुंडाळी, ताडपत्री आणि म्हाताऱ्याची नवी घोंगडी होती. म्हातारा, म्हणजे आमचा फिर्यादी, राखेच्या कडेला उकिडवा बसला होता. मला पाहून उठला आणि बोट दाखवून म्हणाला, "साहेब, मी पाहिलं नाही, पण मले मालूम हाय. बाजूच्या वावरवाल्यानं जाळलं. गावासमोर बोलला होता, तुही गंजी राख करतो म्हणून."

बाजूचा वावरवाला, म्हणजे शेजारच्या शेताचा मालक, तिशीतला एक माणूस होता. वीज केंद्रात कंत्राटी कामगार, आणि ड्युटी करून एक छोटं वावरही पाहायचा. त्या दोघांच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, कोणाच्या बाजूला किती सरकला यावरून वर्षानुवर्षं भांडण होतं. तहसिलीत दावा होता. पंधरवड्यापूर्वी ग्रामपंचायतीसमोर दोघांची जुंपली होती आणि ती धमकी अख्ख्या गावाने ऐकली होती.

फिर्याद नोंदवायला बसलो आणि पहिला गोंधळ तिथेच झाला. नवे कायदे नुकतेच लागू झाले होते. पीक जाळलं की चारशे पस्तीस, घर जाळलं की चारशे छत्तीस, हे आम्हाला झोपेतही पाठ होतं. आता दोन्ही एकाच कलमाच्या पोटात गेली होती, तीनशे सव्वीस. आमचा रायटर, म्हणजे ठाण्यातला लिहिणारा हवालदार, जुना आकडा लिहायचा, जीभ चावायचा आणि खोडायचा. शेतमाल किंवा दुसरी मालमत्ता आगीने नष्ट केली तर सात वर्षांपर्यंत कैद. पण राहतं घर, देऊळ किंवा माल साठवण्याची इमारत जाळली तर दहा वर्षं, नाहीतर थेट जन्मठेप. आता तुराट्यांच्या कुडाला इमारत म्हणायचं की नाही? आत फवारणी पंप होता म्हणजे मालसाठ्याची जागा झाली का? रायटर म्हणाला, "साहेब, छप्पर तं होतं." मी म्हणालो, "छप्पर तर छत्रीलाही असतं." म्हातारा आमच्याकडे आळीपाळीने पाहत होता. शेवटी त्याने विचारलं, "जन्मठेप कोनत्यात हाय? तेच लिवा."

मी सात वर्षांचं पोटकलम लावलं आणि कोठ्याचं सरकारी वकिलांना विचारू म्हणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनामा केला. नव्या पद्धतीप्रमाणे मोबाइलवर चित्रीकरण चालू होतं आणि पंच कॅमेरा दिसला की शर्टाची कॉलर नीट करत होते. रॉकेल किंवा पेट्रोलचा वास कुठेच नव्हता. राखेचे नमुने प्रयोगशाळेसाठी बंद केले. मला खटकली ती आगीची वाट. आग गंजीपासून सुरू झालीच नव्हती. धुऱ्याच्या कोपऱ्यावर, जिथे तीन शेतांच्या सीमा मिळतात, तिथून वाळलेलं गवत जळत जळत गंजीपर्यंत आलं होतं. कोपऱ्यावर फुटकी पणती, करपलेलं लिंबू आणि नारळाच्या करवंटीचा तुकडा पडला होता. शेतात असल्या वस्तू नेहमीच पडलेल्या असतात, वावराची पूजा कोणी ना कोणी करतच असतं. पंचनाम्यात त्याही नोंदवल्या.

माझ्या डोक्यात विचार आला तो असा: ज्याला गंजी जाळायची आहे तो गंजीलाच काडी लावेल. इतक्या लांबून गवत कशाला पेटवेल? वारा फिरला असता तर त्याचंच वावर जळालं असतं. पण वरिष्ठांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "गुन्हेगार हुशार आहे, अपघात वाटावा म्हणून केलं असेल." तेही पटलं. त्या दिवसांत मला दोन्ही बाजूंचं पटत होतं, हीच पंचाईत होती.

मग खबर आली. एक दूधवाला ठाण्यासमोरच्या टपरीवर मला गाठून म्हणाला, "साहेब, माहं नाव नका येऊ देऊ. पन त्या दिवशी दिवेलागनीच्या टाइमाले तो ड्युटीवरून पांदनीनं येऊन राहिला होता. धुऱ्याजवळ गाडी थांबवली, इकडंतिकडं पाहिलं, अन् गाडी पलटवून असा पळाला जसं मागं वाघ लागला. थोड्या वेळानं धूर दिसला."

पांदण म्हणजे शेतातून जाणारी गाडीवाट. धमकी होती, वैर होतं, आणि आता हजेरी आणि पळणंही होतं. एखाद्या तपास अधिकाऱ्याला आणखी काय हवं?

सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरळ अटक करायची नसते, आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. ती दिली. तो हातात डबा घेऊनच, ड्युटीवरून थेट आला. अंगावर कोळशाची काजळी होती. बस म्हणालो तर खुर्ची मळेल म्हणून उभाच राहिला.

"त्या दिवशी पांदणीने गेला होतास?"

"हो साहेब, गेलो होतो."

मला वाटलं होतं नाही म्हणेल. नाही म्हणणाऱ्या माणसाचं कसं करायचं हे आम्हाला शिकवलेलं असतं. हो म्हणणाऱ्याचं काय करायचं ते कोणी शिकवत नाही.

"धुऱ्याजवळून गाडी का फिरवलीस?"

त्याने डबा या हातातून त्या हातात घेतला.

"काय पाहिलंस तिथे?"

"काही नाही पाहिलं, साहेब."

"काहीच न पाहता माणूस गाडी फिरवतो?"

"मी आग लावली नाही. आईची आन घेतो. बाकी मले नका विचारू."

"काहून नको विचारू?" माझाही सूर त्याच्या बोलीवर गेला.

तो पायाकडे पाहत म्हणाला, "होळी होऊन जाऊ द्या साहेब. मंग सगळं सांगतो."

मी चक्रावलो. आरोपी मुदत मागतात ती वकिलासाठी किंवा लग्नकार्यासाठी. होळीपर्यंत मुदत मागणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. रायटरला वाटलं तो अटकपूर्व जामिनाच्या तयारीत आहे. वरिष्ठांना वाटलं तो मध्य प्रदेशात पळणार. त्याला समजावून पाहिलं, दरडावून पाहिलं. मी म्हणालो, "अरे, तुझा गेटपास पोलीस पडताळणीवर आहे. आग लावल्याचा गुन्हा अंगावर असलेल्या माणसाला कोळशाजवळ कोण उभं राहू देईल? दोषारोपपत्र गेलं की नोकरी गेली." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तोंड उघडलं नाही. नोकरीवर घर चालत होतं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरीही हा माणूस गप्प का, हे मला कळेना. नंतर दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा तेच. "होळी होऊ द्या."

त्याच्या बायकोनेही येऊन माझ्यासमोर त्याला झापलं, "अवं माय, काय पाहिलं ते सांगून मोकळे व्हा ना! लेकराबाळाचं काय होईन?" तिलाही त्याने काही सांगितलं नव्हतं.

इकडे फिर्यादी म्हातारा दर दिवसाआड ठाण्यात. "तो अजून मोकळाच फिरून राहिला साहेब. माहं सोन्यासारखं पीक गेलं." त्याचंही खोटं नव्हतं. हाताशी आलेलं पीक जळताना पाहिलेल्या माणसाला मी काय सांगणार की मला आगीची वाट समजत नाही म्हणून?

वरून विचारणा सुरू झाली. मी कागद पुढे सरकवले नाहीत. त्यात माझी काही थोरवी नव्हती, मला दोषारोपपत्रात काय लिहावं तेच कळत नव्हतं. होळी आठवड्यावर होती. म्हटलं, सरकारी गाडा इतका हळू चालतो, आणखी आठ दिवस चालला तर काय बिघडतं.

धुळवडीला मी त्याच गावात बंदोबस्त ठेवला. तणाव होता हे कारण खरंच होतं. माझ्यासोबत आमची एक महिला शिपाई होती, तिचं माहेर त्याच पट्ट्यातलं. दुपारी रंग ओसरला तेव्हा आम्ही फिर्यादीच्या घरी पुरवणी जबाबासाठी गेलो. म्हाताऱ्याच्या सुनेने चहा आणला. कडेवर दोन-अडीच वर्षांची मुलगी होती, गालाला गुलाल लावलेली, माझ्या टोपीकडे हात करत होती.

महिला शिपाई सहज बोलली, "मागच्या बारीले आलो तवा किती सुकली होती वं पोरगी. आता कशी हसून राहिली!"

"हो ना ताई," सून खुशीत म्हणाली. "ताप उतरतच नव्हता. खापरखेड्याच्या डॉक्टरची दवा चालू होती, सुई झाली, पन अंगाले काही लागेना. मंग सासूबाईनं उतारा कराले सांगतला. केला अन् दुसऱ्या दिवसापासून भाकरी मागाले लागली. आता होळी झाली, बोलाले हरकत नाही."

चहाचा कप माझ्या हातातच राहिला.

उतारा म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नको. दृष्ट लागलेल्या माणसावरून लिंबू, नारळ, भात असं काही उतरवायचं आणि तिठ्यावर नाहीतर सीमेवर नेऊन ठेवायचं. दर गावची रीत निराळी. त्या गावची रीत महिला शिपाईने मला हळूच सांगितली ती अशी की दिवेलागणीला एकटीने जायचं, जाताना-येताना कोणाशी बोलायचं नाही, ठेवलं की मागे वळून पाहायचं नाही. आणि ज्याच्या नजरेस ते पडेल त्याने ते ओलांडू नये, तिथूनच परतावं, आणि होळी जळेपर्यंत त्याबद्दल कुठे बोलू नये. बोललं तर उतरलेलं लेकरावर परत चढतं.

मी विचारलं, "कुठे ठेवला होता, बाई?"

"आमच्याच वावराच्या कोपऱ्यावर. तीन धुरे मिळते ना, तिथं. पनती लावून ठेवली अन् सरळ घरी आली."

"मागे पाहिलं होतं?"

"नाही जी. कशी पाहीन? लेकराचं होतं ना."

ती अजूनही हसत होती. तिला कळलंच नव्हतं. गंजी पेटल्याचा गलका झाला तेव्हा ती दार लावून मुलीला मांडीवर घेऊन बसली होती, आणि आग बाजूच्याने लावली हे तिने घरातल्या इतर सगळ्यांसारखंच ऐकून घेतलं होतं. वाळलं गवत, वारा आणि पणती यांचा तिने कधी मेळच घातला नव्हता. आता माझ्या तोंडाकडे पाहता पाहता तिचं हसू विरलं. तिने मुलीला घट्ट धरलं आणि म्हाताऱ्याकडे पाहिलं. "मामाजी..." सासऱ्याला एवढंच म्हणाली.

म्हातारा खाटेवर बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने मलाच विचारलं, "म्हणजे साहेब, मंग जाळलं कोनं?"

जाळलं तर सुनेनेच होतं, पण तिने काही जाळलं नव्हतं. कायदा आगीला शिक्षा देत नाही, हेतूला देतो. नुकसान व्हावं असा इरादा हवा, किंवा ते होईल हे ठाऊक तरी हवं. इथे इरादा एका तापलेल्या मुलीला बरं करण्याचा होता.

मी शिपाई पाठवून बाजूवाल्याला तिथेच बोलावून घेतलं. तो रंगलेल्या कपड्यांनीच आला, उंबऱ्याबाहेर थांबला. त्या घरी त्याचं पाऊल कित्येक वर्षांत पडलं नव्हतं.

"होळी झाली," मी म्हणालो. "आता सांग."

त्याने सुनेकडे पाहिलं, मग मुलीकडे. मुलीच्या गालावरचा गुलाल पाहून त्याच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला.

"बाईले उतारा ठेवताना पाहिलं साहेब. म्हणून गाडी पलटवली. मंग मागून धूर दिसला, तवाच समजलो का काय झालं."

"आणि तू नोकरी घालवायला निघाला होतास? एक शब्द सांगितला असतास तर!"

"सांगतलं असतं अन् पोरीचं परत चढलं असतं, तं? माहं भांडन धुऱ्याचं हाय साहेब. लेकराशी थोडंच हाय."

म्हाताऱ्याने मान वर केली. "मले तरी सांगाचं होतं गा एकट्यात. मी का वैरी होतो माह्या नातीचा?"

"काका," तो हळूच म्हणाला, "तवा तुमाले सांगतलं असतं का गंजी सुनेच्या हातानं गेली, तं तुमी तिले घरात ठेवलं असतं काय?"

सून भिंतीला टेकून रडत होती. मी आणि महिला शिपाई दोघंही दुसरीकडे पाहू लागलो, कारण उत्तर काय ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अशा कारणांनी माहेरी पाठवलेल्या बायका आम्ही ठाण्यात रोज पाहत होतो.

पुढचं सगळं कागदावरचं. सरकारी वकिलांचं मत घेतलं, गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून 'सी' समरीचा अहवाल न्यायालयात पाठवला आणि घटनेची नोंद अकस्मात जळीत म्हणून केली. म्हाताऱ्याने हरकत घेतली नाही. गेटपासची पडताळणी करून दिली. कोठ्याला इमारत म्हणायचं की नाही हा प्रश्न तसाच राहिला, रायटरचं मत अजूनही छपराच्या बाजूने आहे. धुऱ्याचा दावा मात्र दोघांपैकी कोणीही मागे घेतला नाही. कशाला घेतील? धुरा म्हणजे धुरा.

मी उताऱ्यावर विश्वास ठेवत नाही. मुलगी औषधाने बरी झाली असं मी आजही म्हणतो, आणि माझी बायको दोन्हींनी म्हणते. पण नोकरीभर माझा एक पक्का समज होता की पोलिसासमोर गप्प बसणारा माणूस काहीतरी स्वतःचं लपवत असतो. त्या माणसाने तो समज मोडला, आणि त्याच्या जागी मला दुसरा कोणता समज धरावा हे अजून ठरवता आलेलं नाही. त्याला सात वर्षांची भीती होती, नोकरीची होती, बायकोची बोलणी खावी लागत होती, आणि ज्याच्यामुळे हे सगळं भोगत होता त्याच्याच घरातल्या दोन जिवांसाठी तो तोंड मिटून उभा होता. गुन्ह्यामागचा हेतू शोधायची मला सवय होती. अशा गप्प बसण्यामागचाही हेतू असतो, हे मला त्या उंबऱ्यात कळलं.

निघताना सून उंबऱ्यापर्यंत आली. तिने मुलीला खाली उतरवलं आणि म्हणाली, "जाय वं, काकाच्या पाया पड." मुलगी तुरुतुरु गेली, आणि तो रंगाखालीही कोळशाने काळेच राहिलेले हात पँटला पुसत राहिला, तिला उचलू की नको म्हणून.